डोळे मिटून दिलेलं उत्तर

ते साल एकोणीसशे सत्त्याण्णव. त्या वर्षी ईद फेब्रुवारीत आली, आणि सुट्टी संपल्यावर येणाऱ्या सोमवारी रुक्मियातीला विभागप्रमुखांना एक उत्तर द्यायचं होतं. हो किंवा नाही, एवढंच. पण त्या एका शब्दापायी अर्धा रमझान आई आणि लेक एकमेकींशी कामापुरत्याच बोलत होत्या.

ईदच्या दुसऱ्या दिवशी तिघं रुक्मियातीच्या थोरल्या भावाकडे, जोग्जातल्याच कोताबारूला जायला निघाले, तेव्हाही तसंच. तिचा मुलगा लाक्सोनो गाडी चालवत होता, लेक वेनिंग शेजारी, आणि मागे रुक्मियाती नारळाच्या दुधातल्या कोंबडीचं पातेलं मांडीवर धरून.

"पातेलं सांडेल, इबु. माझ्याकडे द्या," वेनिंग मागे वळून आईला म्हणाली.

"आईच्या हातून इतकी वर्षं सांडलं नाही ते."

लाक्सोनोनं आरशातून पाहिलं. "पातेल्याबद्दल चाललंय ना दोघींचं? की वर्गाबद्दल?"

आपला मुलगा वडिलांवर गेलाय, नको तिथे बरोबर बोलतो, असं रुक्मियातीच्या मनात आलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. तो असता तर या भांडणात त्यानं दोघींनाही बरोबर म्हटलं असतं आणि बागेत निघून गेला असता.

वर्ग म्हणजे विद्यापीठातला पहिल्या वर्षाचा भौतिकशास्त्राचा वर्ग. शिकवत होती रुक्मियाती, पण उभा केला होता तिच्या भावानं, प्रावोतोनं. ती दोघं शिकली तेव्हा सगळं डचमध्ये होतं. प्राध्यापक आत आले की मुलं उभी राहायची. ते फळ्याकडे तोंड करून लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची. पुस्तक एकच, तेही कुलपात. परीक्षा तोंडी. पांढरा सदरा, गळ्यात उसना टाय, आणि प्राध्यापकांचंच वाक्य त्यांना परत म्हणून दाखवायचं. मग सत्तावन्नच्या डिसेंबरात सरकारनं जायला सांगितलं आणि सगळे डच एकाएकी निघून गेले. प्रावोतो तेव्हा एकतीस वर्षांचा सहायक होता. पुढच्याच आठवड्यात तो फळ्यापुढे उभा राहिला आणि आपल्या भाषेत गतिशास्त्र शिकवायला लागला. अर्धे शब्द अजून ठरलेसुद्धा नव्हते. कशाला बळ म्हणायचं, कशाला कार्य, हे तो सकाळी चहा पिताना ठरवायचा आणि दुपारी त्या शब्दावर परीक्षा घ्यायचा. फळा पुसायला, मुलांची नावं लिहायला रुक्मियाती होती.

पुढे तो अधिष्ठाता झाला आणि वर्ग तिच्याकडे आला. कागद मिळत नव्हता ते दिवस तिनं काढले. टिपणं ती स्वतः सायक्लोस्टाइल करायची, शाई नखांतून आठवडाभर जायची नाही. पगाराचा एक भाग तांदळात मिळायचा आणि तांदळात किडे असायचे. मग जाडजूड अमेरिकन पुस्तकांची भाषांतरं आली. खडूच्या जोडीला पडद्यावर अक्षरं पाडणारं यंत्र आलं. चाळीस मुलांची तीनशे झाली. एक गोष्ट मात्र बदलली नाही. तास संपताना ती विचारायची, "समजलं?" आणि तीनशे माना एकदम हलायच्या. "समजलं, बु." बु म्हणजे बाई.

त्या मानांवर ती जगली होती.

वेनिंग मेलबर्नहून डॉक्टरेट करून आईच्याच विभागात परतली ती भलतंच खूळ घेऊन. शिक्षक कसा शिकवतो यापेक्षा मुलं काय समजून घेतात ते मोजायचं, हा तिचा विषय. डिसेंबरात तिनं आईच्याच परवानगीनं आईच्याच वर्गाला एक चाचणी दिली. आकडेमोड नाही, सूत्रं नाही. लहान मुलालाही विचारता येतील असे प्रश्न. तीनपानी गणितं सोडवणारी रुक्मियातीची मुलं त्यात धडाधड आपटली. वेनिंगला आता तो वर्ग हवा होता. शिक्षकानं कमी बोलायचं, प्रश्न टाकायचा, मुलांनी शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग डोळे मिटून रंगीत कार्ड वर धरायचं. प्रमुखांनी चेंडू रुक्मियातीकडे टोलवला होता. बु रुक्मि हो म्हणाल्या तर करा. नाही म्हणाल्या तर त्या निवृत्त होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आणि तसं झालं तर वेनिंग सिंगापूरला जाणार होती. तिथल्या नोकरीचं उत्तर तिलाही त्याच आठवड्यात द्यायचं होतं.

प्रावोतोला यातलं काही माहीत नव्हतं. निदान रुक्मियातीला तसं वाटत होतं.

घरात नवे पडदे लागले होते. प्रावोतो वेताच्या खुर्चीत बसला होता, बातिकचा सदरा, पायांत मोजे. एकेक जण गुडघे टेकून त्याच्यापुढे वाकत होतं, त्याचे हात हातांत घेऊन वर्षभरातल्या मनातल्या आणि बाहेरच्या चुकांची क्षमा मागत होतं. सर्वांत आधी रुक्मियाती गेली. चौसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरतात, पण थोरल्या भावापुढे, मासपुढे, बसायचं ते असंच.

"माझ्या सगळ्या चुकांची क्षमा करा, मास."

"माझ्याही," तो म्हणाला, आणि हात न सोडता हळूच, "कुठली एखादी खास आहे का या वर्षी?"

ती वर पाहायला कचरली. म्हणजे कळलं होतं तर.

जेवणं झाली. पुतणे, भाच्या, सुना, नातवंडं मिळून वीसेक माणसं सतरंजीवर आणि खुर्च्यांवर पसरली. केकच्या ताटल्या फिरू लागल्या. प्रावोतोची बायको एंदाह वेनिंगच्या हातात अननसाची बिस्किटं कोंबत म्हणाली, "पुढच्या ईदला एकटी येऊ नकोस हं, पोरी."

"एकटी कुठे, बुदे? इबुंना घेऊन आलेय की."

"जीभ बघा हिची! सिंगापूरला गेलीस की कुणाला घेऊन येणार? तिथे तर सगळे चिनी."

खोलीतलं बोलणं थांबलं. एंदाहनं तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"सिंगापूर," प्रावोतो म्हणाला. "हं. मला बाजारात विभागातला शिपाई भेटतो, प्रमुख भेटतात, माझ्या स्वतःच्या घरचं मात्र कोणी सांगत नाही. ऐकतोय की माझी पोरं नापास झाली म्हणे. कुठल्याशा कोड्यांत."

"कोडी नव्हती, पाकदे," वेनिंग हळू आवाजात मामाला म्हणाली.

"मग विचार मला. बघू दे तरी."

"नको, पाकदे. सणाचा दिवस."

"डच माणसापुढे दीड तास उभा राहून उत्तरं दिली आहेत मी. तुला घाबरेन होय? विचार."

वेनिंगनं आईकडे पाहिलं. रुक्मियाती बिस्किटाकडे पाहत राहिली. तुझं युद्ध तू लढ, असंच काहीसं तिच्या मनात होतं, आणि ते तिला आवडलं नव्हतं.

"दोन रूळ आहेत असं समजा," वेनिंगनं हातानं हवेत दाखवलं. "शेजारी शेजारी. दोन्हींची सुरुवात एकाच उंचीवर, शेवटही एकाच उंचीवर. एक सरळ सपाट जातो. दुसरा मध्ये खाली खड्ड्यात उतरतो आणि पुन्हा तेवढाच वर येतो. दोन सारख्या गोट्या, सुरुवातीला सारखाच वेग. शेवटाला आधी कोण पोचेल?"

प्रावोतो हसला. सगळ्यांना हायसं वाटलं. "हे कोडं? अगं, खाली उतरताना जेवढा वेग कमावला तेवढा वर चढताना परत गेला. ऊर्जा होती तेवढीच. शेवटी वेग सारखा. दोघी एकदमच पोचणार. काय रे लाक्सोनो, इंजिनिअर?"

"इंग्गिह, पाकदे," लाक्सोनो म्हणाला. होय. वडीलधाऱ्यांपुढचं होय.

"इंग्गिह," भाचे म्हणाले. सुना म्हणाल्या. एंदाह म्हणाली.

रुक्मियातीच्या मनानंही प्रावोतोच्या आधीच तेच उत्तर दिलं होतं, त्याच शब्दांत. ऊर्जा तेवढीच, म्हणून एकदम. पण काहीतरी खटकलं. शेवटी वेग सारखा, हे खरं. पण वेग विचारला कुणी होता? आधी कोण, असं विचारलं होतं. खड्ड्यात शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत ती गोटी दुसरीपेक्षा जोरात धावत असणार. वाट थोडी लांब, पण पुढे सरकणं भराभर. रुक्मियातीनं मनातल्या मनात पुन्हा एकदा दोघींना सोडलं. पुन्हा खड्ड्यातलीच पुढे गेली.

तिनं वेनिंगकडे पाहिलं. वेनिंग आता बोलेल. तिला उत्तर ठाऊक होतं, तिचाच प्रश्न होता. पण वेनिंग ताटलीतले चुरे बोटानं गोळा करत होती. नजर खाली, मान किंचित हललेली. मघाशीच ती याच माणसापुढे गुडघे टेकून बसली होती.

हा चेहरा रुक्मियातीनं पाहिला होता. फळ्याकडून, वर्षानुवर्षं, तीनशे वेळा एका तासात. तिला वाटायचं, ते समजणं आहे.

तिनं पेला खाली ठेवला.

"मास," ती म्हणाली, "वेनिंग तिच्या मुलांबरोबर एक खेळ खेळते. आपण खेळू या का? सगळ्यांनी डोळे मिटायचे. सरळ वाटेची आधी, तर एक बोट. खड्ड्यातली आधी, तर दोन. एकदम, तर तीन. कोणी कोणाचं बघायचं नाही."

"उत्तर सांगून झालंय की माझं," प्रावोतो म्हणाला.

"तरी. खेळच आहे."

"आणि तू डोळे नाही मिटणार?"

"कोणीतरी मोजायला हवं ना."

त्यानं खांदे उडवले, डोळे मिटले आणि तीन बोटं वर केली. मास्तर वर्गाला दाखवतो तशी, ताठ. मग इतरांनी. काही हात चटकन वर गेले, काही चाचपडत. रुक्मियातीनं खोलीभर नजर फिरवली. दोन. दोन. एक. दोन. लाक्सोनोची दोन. एंदाहची दोन. एका भाचीनं तीन धरली होती, मग एक बोट दुमडलं. वेनिंगची दोन, छातीशी, अगदी जवळ. आत्ता याच माणसांनी इंग्गिह म्हटलं होतं.

तीन बोटं फक्त थोरल्या भावाची होती.

"झालं का मोजून?" तो डोळे मिटूनच म्हणाला. "हात दुखायला लागला माझा."

"खाली करा सगळे."

सगळ्यांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. कोणाला दुसऱ्याचं काही दिसलं नसावं. सगळे तुमच्याच बाजूचे आहेत मास, असं म्हणणं काहीच कठीण नव्हतं. सण सुखात जाईल. सोमवारी ती नाही म्हणेल. वर्ग जसा होता तसा तिच्याबरोबर निवृत्त होईल, भावाचं नाव त्यावर तसंच राहील, आणि वेनिंग विमानतळावर तिच्या हातावर कपाळ टेकवेल. इंग्गिह, इबु.

"तीन बोटं तुमची होती, मास," रुक्मियाती म्हणाली. "आणि प्रश्न ऐकल्याबरोबर माझीही तीनच असती. अख्ख्या घरात आपण दोघंच. आणि मला वाटतं, चुकलंय आपलं दोघांचं."

"तुला वाटतं," प्रावोतो म्हणाला.

"वाटतं."

"ऊर्जा चुकली म्हणतेस?"

"ऊर्जा बरोबर. तुम्हीच शिकवलीत मला. शेवटचा वेग सारखाच. पण मधली वाट आपण सोडूनच दिली. खड्ड्यात ती गोटी जास्त वेगानं धावते, आणि तेवढ्यात पुढे निघून जाते."

प्रावोतोनं मान वळवली. "वेनिंग, तू पढवलंस आईला."

"नाही, पाकदे." वेनिंगचा आवाज आता स्वच्छ होता. "इबु पंधरा दिवस माझ्याशी बोलल्याच नाहीत."

लाक्सोनो फस्सकन हसला, मग खोकल्याचं सोंग केलं. आणि बरं झालं, कारण त्याला उठायला निमित्त मिळालं. परसात जुन्या पडद्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खोबणीच्या पट्ट्या पडल्या होत्या. त्यानं दोन आणल्या, एक गुडघ्यावर दाबून मध्ये वाकवली. दोन तिवयांवर दोन्ही टेकवल्या, सुरुवातीला उतारासाठी बिस्किटांचे डबे लावले, शेवटाशी खडूची खूण केली. मुलांकडून गोट्या मागून घेतल्या.

गोट्या सुटल्या. खड्ड्यातली आधी टणकन जमिनीवर पडली, मग दुसरी.

"पुन्हा," प्रावोतो म्हणाला.

पुन्हा तेच.

"गोट्यांची अदलाबदल करा. ती जड असेल."

अदलाबदल केली. तेच. तो खुर्चीतून उतरून सतरंजीवर बसला, मोज्यांसकट, आणि स्वतः सोडायला लागला. पाच-सहा वेळा. मुलं टाळ्या वाजवत होती, मोठी माणसं नव्हती.

"तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं?" त्यानं खाली बघतच विचारलं.

"ठाऊक नव्हतं, पाकदे," लाक्सोनो म्हणाला. "नुसतं वाटत होतं. पण सूत्र तुमच्या बाजूला होतं. आणि तुम्ही होतात."

प्रावोतो उठला, मागच्या ओसरीवर निघून गेला. एंदाह नवऱ्यामागे जायला निघाली, रुक्मियातीनं तिचा हात धरला आणि स्वतः गेली.

तो कठड्याला धरून उभा होता. ती शेजारी जाऊन उभी राहिली.

"सत्तावन्नच्या डिसेंबरात," तो म्हणाला, "पहिल्या तासाला मी समजलं का विचारलं. कोणी प्रश्न विचारला नाही. तुला सांगतो रुक्मि, केवढा आधार वाटला होता मला त्याचा. एकानं जरी हात वर केला असता ना, मी पळून गेलो असतो."

"मी तिथेच होते, मास. फळा पुसत."

"मग त्याची सवयच लागली." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "वर्ग देणार पोरीला?"

"नाही."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. तिनं ते पाहिलं आणि तरी बोलली.

"मीच घेणार. तिच्या पद्धतीनं. ती मागच्या बाकावर बसेल आणि तास झाला की मला शिकवेल."

"या वयात?"

"एकच सत्र उरलंय. चुकले तरी फार काळ चुकणार नाही."

तो हसला नाही. "तू मला विचारत नाहीयेस. सांगते आहेस."

"हो, मास."

जन्मात पहिल्यांदाच. तो वळून घरात गेला आणि निरोपाच्या वेळी सगळ्यांशी बोलला, तिच्याशी सोडून.

परतताना वेनिंग मागे आईजवळ बसली. रिकामं पातेलं दोघींच्या मध्ये.

"इबु, सगळे तुमच्याच बाजूचे आहेत असं पाकदेंना सांगितलं असतंत तर? कोणीच पाहिलं नव्हतं."

"तू पाहिलं होतंस."

"मी? माझे डोळे मिटलेले होते!"

"लहानपणी झोपेचं सोंग घ्यायचीस तेव्हाही अस्सेच मिटायचीस."

समोर लाक्सोनो इतका हसला की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली.

त्यानंतर प्रावोतो वर्षभर बहिणीशी औपचारिकच वागला. पुढच्या ईदला तिनं गुडघे टेकले तेव्हा त्यानं हात धरले, पण लगेच सोडले. विभागात तो पुन्हा कधी गेला नाही आणि नव्या पद्धतीला शेवटपर्यंत गोंगाटच म्हणत राहिला. मात्र दृष्टी गेल्यावर दर गुरुवारी तो वेनिंगला बोलावून घ्यायचा. ती नवी पुस्तकं मोठ्यानं वाचायची आणि तो प्रत्येक पानावर तिच्याशी भांडायचा. दोन हजार चारमध्ये तो गेला. एंदाह त्याच्यामागून चार वर्षांनी गेली, वेनिंगच्या लग्नाची आशा न सोडता. लाक्सोनो परगावी नोकरीला होता तो सिमेंटचा कारखाना अठ्ठ्याण्णवच्या आर्थिक पडझडीत बंद पडला. तो जोग्जाला परतला, शाळांसाठी प्रयोगाची साधनं करू लागला आणि त्यातच रमला. वेनिंगनं सिंगापूरला नकार कळवला. पुढे ती विभागप्रमुख झाली. कार्डं जाऊन मुलांच्या हातात फोन आले. आता तिचेच सहायक म्हणतात, व्याख्यानं घरी फितीवर बघू देत, तास कशाला हवा? ती त्यांच्यावर संतापते, आणि मग बसून त्यांचं ऐकून घेते.

रुक्मियाती नव्वदीच्या आतबाहेर असताना झोपेत गेली. त्या शेवटच्या सत्राबद्दल ती फारसं बोलायची नाही. पहिले तीन आठवडे फार वाईट गेले होते. मुलं शेजाऱ्याशीसुद्धा बोलेनात, आणि तिचा स्वतःचा हात राहून राहून खडूकडे जायचा. मग हळूहळू वर्गात कुजबुज व्हायला लागली, आणि पुढे एवढा कालवा की बाजूच्या वर्गातून तक्रार आली.

सत्र संपत आलं तेव्हा वोनोसारीकडची एक मुलगी उभी राहिली. डोक्यावर ओढणी, आवाज कापत होता. "माफ करा, बु. तुम्ही म्हणालात ते मला नाही पटत."

तीनशे मुलं गप्प झाली. रुक्मियातीनं तिला फळ्यापाशी बोलावलं. मुलगी लिहू लागली. दुसऱ्याच ओळीत ती चुकली होती. रुक्मियातीला ते तत्काळ दिसलं, आणि तिचं तोंड उघडलंही. मग तिनं ते मिटलं, खाली उतरली, पहिल्या बाकावर दोन मुलांना सरकायला सांगून त्यांच्या मध्ये बसली, आणि म्हणाली, "हं. पुढे?"